प्रतीक्षाचं पोट माह्या जिम्म्यात

१४ ऑक्टोबर, सोमवार. दुपार.

आजपासून वही. माह्या पोरानं, खुशालनं, दोन आणल्या. एक दवाखान्याची. त्यात प्रतीक्षाचं सगळं लिहायचं. काय खाल्लं, किती खेपा संडासले गेली, पोट दुखलं का, गोळी दिली का. ती वही अमरावतीले डॉक्टर पाहणार. दुसरी ही. ही माही. इथं मले वाटलं ते लिहीन अन् कोणाच्या बापाले दाखवणार नाही.

माहं शिक्षण चौथी. पण आमचा बुढा, वामनराव, होता तवापासून अन् तो गेल्यावरही संत्र्याच्या बगीच्याची वही मीच लिहिते. सहाशे झाडं. कोणत्या झाडावर काय फवारलं, कधी पाणी तोडलं, कधी सोडलं. सहाशे झाडं सांभाळली तं एक पोट्टी काय जड आहे.

प्रतीक्षा माही नात, खुशालची पोरगी. वय वीस. अमरावतीले होस्टेलवर राहून बी.एस्सी. करत होती. सहा महिन्यांपासून पोट दुखे, पातळ संडास, ताप, तोंड आलेलं. आमाले वाटलं मेसचं जेवण. मंग रक्त पडलं. दुर्बीण टाकली. रोगाचं नाव क्रोन्स. आतड्याले आतून सूज अन् जखमा. लहान आतड्याच्या शेवटाले एक जागा अरुंद झाली. दवाखान्यातल्या करिश्मा सिस्टरनं कागदावर चित्र काढून दाखवलं. ठिबकची नळी मुरगळल्यासारखं दिसलं. मी म्हटलं, नळी तुंबली तं मी रोज झटकून मोकळी करते. सिस्टर म्हणे, आजी, ही नळी झटकता येत नाही.

म्हणे रोग जात नाही, दबून राहते. औषध चालूच ठेवा लागते. बरं. त्याइचंही दुकान चाललं पायजे.

खुशाल दिवसभर बगीच्यात, सून गीतांजली अंगणवाडीत. म्हणून पोट्टी माह्या जिम्म्यात.

१६ ऑक्टोबर, बुधवार.

सिस्टरचा कागद भिंतीले चिकटवला. चालते : पातळ खिचडी, मऊ भात, उकडलेला बटाटा, साल काढलेला दुधी, केळ, ताक. चालत नाही : ज्वारीची भाकर, मेथी, अंबाडी, मोड आलेलं, कच्चं, बियांचं, तिखट, संत्र्याची फोड. संत्र्याचा रस गाळून चालते.

संत्र्याची फोड चालत नाही! मोर्शीच्या मातीत जन्मलेल्या पोट्टीले! मी तिथंच सिस्टरले विचारलं होतं, तुमी कोणत्या गावच्या? मुर्तिजापूरची निघाली. अकोल्याकडली, कापसाची माणसं. त्याइले संत्र्याचं काय समजते.

गोळ्या. पिवळी एक. सुजेच्या पांढऱ्या चार, सकाळी जेवल्यावर. पांढरी डॉक्टर सांगेल तशी हळूहळू कमी करायची, मनानं एकदम बंद करायची नाही. हे सिस्टरनं तीनदा सांगितलं. तिसऱ्या खेपेले माह्या तोंडाकडे पाहून.

ठरवलं : कागदावर आहे तेवढंच. दाणा इकडचा तिकडे नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार.

संडास सात खेपा. मागे जखम आहे, बसता येत नाही. टबात कोमट पाणी करून दोनदा बसवली. लाजते. मी म्हटलं, तुह्या बापाचं अन् तुह्या आज्याचंही धुतलं, तुहं काय सोन्याचं आहे का? तवा हसली. चादर दोनदा बदलली.

भाकरीचा पापुद्रा दिला, दुधात कुस्करून. पापुद्रा म्हणजे भाकर नाही. दवाखान्याच्या वहीत लिहिलं : दूध.

२० ऑक्टोबर, रविवार.

दर रविवारी वजन करायचं. घरात काटा नाही. शेडमध्ये संत्र्याच्या क्रेटचा काटा आहे, त्याच्यावर उभी केली. तिले थंडी वाजते म्हणून माही शाल, खुशालचं जाकीट, स्वेटर. चाळीस किलो. दवाखान्यात साडेअडतीस होती. पाच दिवसांत दीड किलो! व्यापारी क्रेटचं वजन कापते, पण जाकिटाचं कोणी कापत नाही. चाळीस लिहिलं.

२७ ऑक्टोबर, रविवार.

संडास तीन खेपा. पोट दुखणं कमी. जेवाले मागते. गीतांजली म्हणे, आई, गोळीनं फरक पडून राहिला. चार दिवसांपासून मी डिंकाचे लाडू देऊन राहिली, रोज दोन, सून अंगणवाडीत गेल्यावर. फरक कशानं पडला हे मले माहीत आहे. पोट्टी लाडू घेते अन् मागच्या ओट्यावर जाऊन खाते. म्हणे उन्हात चांगला लागते.

काटा : एकेचाळीस.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज.

घरभर पाहुणे. जो येते तो म्हणते, काय वं प्रतीक्षा, तब्येत सुधारली! गाल भरले. चेहरा पुनवेच्या चांदासारखा झाला. गीतांजलीच्या भावाची पोरगी आरती आली होती अकोल्याहून, तिचं लग्न एक डिसेंबरले. ती प्रतीक्षाले म्हणे, बाई, तू तं पुरीसारखी फुगली. पोट्टी आत निघून गेली. मी आरतीले म्हटलं, तुह्या सासरी हे तोंड घेऊन चालली का? नांदशील बरी.

माहा हात लागला की हाडावर मांस येते. चाळीस वर्षांपासून म्हणून राहिली, आता लोकांनी डोळ्यानं पाहिलं.

आमचं कुत्रं, टायगर, तेही लठ्ठ होऊन राहिलं. काहून ते समजत नाही. दिवाळीचं खरकटं असन.

८ नोव्हेंबर, शुक्रवार.

अमरावतीले दाखवून आलो. डॉक्टर खूश. दवाखान्याची वही पाहून म्हणे, आजीनं छान ठेवली. मी पदर सावरला. पांढरी गोळी चारच्या साडेतीन केली, आता दर आठवड्याले अर्धी कमी. प्रतीक्षानं विचारलं, सर, तोंड कधी उतरन? डॉक्टर म्हणे, गोळीनं सूज येते चेहऱ्यावर, गोळी कमी झाली की जाईल, पण घाई नाही.

पाहा! लाडू माहे अन् नाव गोळीचं. मोठ्या माणसाचा चारचौघात अपमान कराले माह्या जिवावर येते.

एसटीत प्रतीक्षा खिडकीच्या काचेत तोंड पाहत होती, सगळ्या रस्त्यानं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार.

आज महत्त्वाची गोष्ट. सून गेल्यावर प्रतीक्षा माह्याजवळ येऊन बसली. म्हणे, आजी, मले आता बरं वाटते. तुह्या हातच्या खाण्यानंच वाटते. ती पांढरी गोळी थांबवली तं? लग्नापर्यंत.

मी विचार केला. एकदम हो म्हणणारी मी नाही. ओसरीत बसून अर्धा घंटा विचार केला. बगीच्याचंच पाहू. संत्र्याच्या झाडाले रोज खत-पाणी दिलं तं ते नुसतं पाल्यावर जाते, फुलत नाही. म्हणून त्याले ताण देतात. महिनाभर पाणी तोडायचं. पानं पिवळी पडतात, गळतात. शहरातला माणूस म्हणन झाड मेलं. ज्याले समजते तो उगा बसते. मंग पाणी सोडलं की अंगभर फुलोरा. पोट्टीच्या अंगाले महिनाभर गोळ्यांचं पाणी झालं. आता ताण.

तिले म्हटलं, ठीक. पण ही गोष्ट तुह्या माह्यात. तिनं माह्या गळ्याले मिठी मारली. इतका भरोसा आजीवर! आजकालचे पोट्टे आजीले विचारतात का?

पिवळी चालू ठेवली. मी काही अडाणी नाही.

दवाखान्याच्या वहीत : पांढरी साडेतीन, दिली. डॉक्टरच्या जिवाले उगा घोर नको.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार.

पहिला तोडा सुरू. शेडमध्ये संत्र्याचे ढीग. प्रतीक्षा ढिगाजवळ येऊन नुसती वास घेत उभी. माह्यानं पाहवलं नाही. एक सोलून दिलं. फोडीचं साल काढत बसली तं मी म्हटलं, साल काढून संत्रा खाणं म्हणजे धोतर सोडून वरातीत जाणं. सालासगट खा, पोट साफ होते. तीन खाल्ले. किती दिवसांनी अशी खाल्ली! डोळे मिटून.

वहीत : संत्र्याचा रस, गाळून. पोटात जाऊन रसच होते.

२० नोव्हेंबर, बुधवार.

मतदान करून आलो. बोटाले शाई. प्रतीक्षाचं पहिलं मत, पण रांगेत तिले चक्कर आली. खाली बसली. खुशाल घाबरला. म्हणे, माय, गोळ्या बरोबर चालू हायेत ना? मी म्हटलं, वही पाहा. त्यानं वही पाहिली. पटलं.

पानं पिवळी पडून राहिली. म्हणजे ताण लागू पडला.

२४ नोव्हेंबर, रविवार.

गाल उतरले. प्रतीक्षा खूश, आरशासमोर फोटो काढून राहिली. पण हातपाय गळाले म्हणते. भूक नाही. संडास पाच. सकाळी उलटी. पोट दुखते, डाव्या हातानं उजवी बाजू दाबून चालते. मी विचारलं, गोळी चालू करू का? म्हणे नको आजी, आठच दिवस राहिले. पोट्टीची माह्यावर केवढी श्रद्धा.

रोजचे लाडू दोनाचे तीन केले.

वजन केलं नाही. काटा बरोबर दाखवून नाही राहिला.

२७ नोव्हेंबर, बुधवार.

ताणात पाणी कधी सोडायचं हेच खरं कसब. लवकर सोडलं तं फूल येत नाही, उशीर झाला तं झाड जाते. हे बुढ्याले समजे. मी वही लिहायची, पानं हातात घेऊन पाहायचं काम त्याचं होतं.

लग्न झालं की सोडू. दोन डिसेंबर. ठरलं.

आज संत्रे पाच दिले. दुसरं काही घेतच नाही तोंडात.

२ डिसेंबर, सोमवार. अमरावती, दवाखाना.

काल अकोल्याले आरतीचं लग्न. प्रतीक्षानं मरून रंगाचा घागरा घातला होता. सगळ्या बाया म्हणे, किती नाजूक दिसते. मी म्हटलं, आमच्या घराण्याची काठीच तशी. अक्षता पडल्या अन् ती मंडपाच्या मागे धावली. मी मागून गेली. उलटी हिरवी. पोट नगाऱ्यासारखं टरटर. हात लावू देईना. मंग डोळे पांढरे केले.

आरतीच्या सासऱ्याची गाडी घेतली. नव्वद किलोमीटर. तिचं डोकं माह्या मांडीवर. अंग थंड, घाम चालूच. एकदा म्हणे, आजी, पाणी सोड. ती प्यायचं पाणी मागत होती का काय, मले कळलं नाही. ताणाचं मी तिले कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असन.

नाकातून नळी टाकली. हाताले सलाईन. आतडं तुंबलं म्हणतात.

३ डिसेंबर, मंगळवार. सकाळचे अकरा. दवाखान्याच्या बाकड्यावर.

डॉक्टरनं दवाखान्याची वही पूर्ण वाचली. मंग खुशालले अन् गीतांजलीले सांगितलं. मीही होती. म्हणे, गोळ्या रोज घेऊन, पथ्य पाळून इतकं बिघडलं, म्हणजे औषध लागू नाही पडलं. उद्या ऑपरेशन. तुंबलेला वीतभर भाग कापून काढू. जरूर पडली तं काही महिने पोटावर पिशवी लावू, संडास त्यातून.

मंग माह्याकडे वळला. आजी, गोळी रोज दिली?

मी म्हटलं, वहीत हाय तसंच.

प्रतीक्षाकडे पाहिलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं.

डॉक्टर गेल्यावर ती रडली नाही. नाकात नळी, आवाज घोगरा. आईले म्हणे, पिशवी लावाची असन तं मले घरीच ने. गीतांजलीनं माह्याकडे पाहिलं, म्हणे, आई, तुमी तं जिवाचं रान केलं. तिनं असं म्हणायले नको होतं. सून टोचून बोलली तं मले उत्तर देता येते.

आता हिशोबानं विचार करू. एक : गोळी दिली असती तरी असंच झालं असतं. दोन : संत्रा काही दगड नाही. तीन : माही वही कोणाले दाखवणार नाही असं मीच पहिल्या पानावर लिहिलं आहे. चार :

ही वही थैलीत आहे. बाकड्यावर बसून मागची पानं वाचली. अक्षर चांगलं आहे.

बुढा असता तं म्हणला असता, झाड तुहं होतं का? कोणाले विचाराले काहून गेली नाहीस?

तोच दिवस. दुपारचे दोन.

दिली. करिश्मा सिस्टरच्या हातात ठेवली अन् म्हटलं, खरी ही आहे. ती उभ्यानं वाचत होती. मुर्तिजापूरच्या जागेवर आली तवा तोंड थोडं हललं. मंग पुढची पानं भराभर उलटली. मंग डॉक्टरकडे जवळजवळ धावत गेली. मले वाटलं होतं ती काही तरी बोलन. मी बोलणे खायले तयार होती.

वही तिकडेच आहे. हे केसपेपरच्या पाठीवर लिहून राहिली, मंग वहीत चिकटवीन.

६ डिसेंबर, शुक्रवार.

वही परत मिळाली. जागोजाग लाल रेघा.

ऑपरेशन त्या दिवशी थांबवलं. डॉक्टरनं समजावलं. गोळी महिनाभर चालली की गोळीत आहे तसलंच औषध अंग आपलं आपण बनवते, ते बनवणं सोडते. मंग गोळी एकदम तोडली तं अंगाजवळ काहीच उरत नाही. म्हणून चक्कर, म्हणून उलटी, म्हणून थंडगार. म्हणे, हे माहीत नसताना टेबलावर घेतलं असतं तं पोरगी हाती लागली नसती. अन् अरुंद जागी संत्र्याच्या सालाचा बोळा बसला होता. औषध सुईतून दिल्यावर अन् पोट तीन दिवस रिकामं ठेवल्यावर तो बोळा सरकला. अरुंद जागा आहे तशीच आहे. ऑपरेशन टळलं नाही, पुढं गेलं. सहा महिन्यांनी पाहू म्हणे.

मी मनात म्हटलं, म्हणजे वहीनं पोट्टी वाचली. वही लिहिणारी कोण?

हे प्रतीक्षाले बोलून दाखवलं. म्हटलं, तू आजीच्या खाण्यावर भरोसा ठेवला, मी जास्त ठेवला, दोघींचंही चुकलं. तिनं नाकाची नळी धरली अन् म्हणे, आजी, मी तोंडासाठी थांबवली. आरतीनं पुरी म्हटलं ना, त्या दिवसापासून. आईले विचारलं असतं तं तिनं कागद दाखवला असता. तू कागद पाहत नाही म्हणून तुले विचारलं.

मी म्हटलं, अन् लाडू?

म्हणे, ते मले उतरतच नव्हते. टायगरले घातले.

सगळे?

पहिला एक खाल्ला होता, आजी.

मी बाहेर जाऊन बाकड्यावर बसली. समोर एक बाई तिच्या सुनेले लाडवाचा डबा देत होती.

११ डिसेंबर, बुधवार. घरी.

गोळ्यांचा डबा गीतांजलीकडे. रागावली नाही, भांडली नाही, फक्त डबा उचलून अंगणवाडीच्या पिशवीत ठेवला. सकाळी जाण्याआधी स्वतःच्या हातानं देते अन् तोंड उघडून पाहते. दवाखान्याची वही प्रतीक्षा स्वतः लिहिते. सिस्टरनं नवीन कागद दिला, मोठ्या अक्षरात. संत्र्याच्या फोडीखाली दोन रेघा. त्या माह्यासाठी.

माह्याकडे टबाचं पाणी, चादरी, अन् रविवारचं वजन.

१५ डिसेंबर, रविवार. सकाळ.

शेडमध्ये नेली. शाल घेऊन आली तं मी काढून खांद्यावर घेतली. जाकीट काढलं, स्वेटर काढला. कुडकुडत होती. काट्यावर उभी केली अन् मी दोन पावलं मागे सरली.

साडेचौतीस.

ती म्हणे, आजी, लिही ना. मी म्हटलं, दम धर, आकडा पक्का होऊ दे. झाला. तोच. स्वेटर घातला, जाकीट घातलं, शाल गुंडाळली. मंग ती म्हणे, टायगरलेही ठेव. ठेवला.

अठ्ठावीस.

पोट्टी पोट धरून हसली. मंग दुखलं म्हणून थांबली. घरी येऊन वरण-भाताचं पाणी दिलं, गाळून. दोनदा गाळलं.